धोंडीबाचं मेंढरू

माण तालुक्यातल्या कृष्णातच्या मेंढरांना उजव्या मांडीवर लाल गोल असायचा आणि शेजारच्या धोंडीबाच्या मेंढरांना डाव्या. कळप मिसळले तरी भांडणाला जागाच नाही. लोकर कातरून झाली की कृष्णातची लेक शिवांजली रंगाचा डबा घेऊन पुढं. सातव्या वर्षी तर तिनं रंगपंचमीचे उरलेले रंग काढले आणि अख्खा कळप गुलाबी, पोपटी, निळा करून टाकला. दोन दिवस गाव बघायला येत होतं आणि कृष्णात तोंड लपवत होता.

त्याच पोरीनं पुढं सांगलीत चित्रकला शिकून मुंबई गाठली. लाकडी ठशावर एकच मेंढी कोरायची, मांडीवर लाल गोल, आणि ती चाळीस कागदांवर चाळीस भडक रंगांत छापायची. पॉप आर्ट म्हणतात त्याला. लोक वेडे झाले. कपावर मेंढी, टी-शर्टवर मेंढी, विमानतळाच्या भिंतीवर ही भली थोरली मेंढी. बापानं मात्र एकही चित्र पाहिलं नव्हतं. मेंढरं टाकून जायचं कुठं, हे त्याचं ठरलेलं उत्तर.

यंदा तिचं सगळ्यात मोठं प्रदर्शन होतं आणि तिथं तिला बाप हवाच होता. राखणीला चुलतभाऊ ठरवून ती गाडी घेऊन गावी आली आणि एक चित्र त्याच्या पुढ्यात धरलं.

कृष्णातनं बराच वेळ पाहिलं. "झ्याक हाय," तो म्हणाला. "पर ह्ये मेंढरू धोंडीबाचं हाय."

शिवांजलीनं चित्र आपल्याकडं वळवलं. लाल गोल डाव्या मांडीवर होता. ठशावर उजवं कोरलं की कागदावर डावं उमटतं, हे तिला कॉलेजपासून ठाऊक. घरच्या खुणेचंच तेवढं ध्यानात आलं नव्हतं. एवढं कोण बघतंय, असं ती पुटपुटली, तोवर कृष्णातनं चपला घातल्यासुद्धा. दुसऱ्याच्या खुणेवर नाव कमावलंस, आधी त्याला सांगायचं, मुंबईचं मग बघू.

धोंडीबानं सगळं ऐकून घेतलं. "म्हंजी इमानतळावर माझं मेंढरू हाय व्हय रं?" त्याची बायको साळूबाई हसून हसून खालीच बसली. शिवांजली म्हणाली, ठसा नव्यानं कोरते.

"कशाला? ऱ्हाऊ दे की. पर मी बघाय येणार. ह्यो न्हाई आला तरी चालंल."

ते मात्र कृष्णातला झोंबलं.

सकाळी गाडी निघाली तेव्हा धोंडीबा ऐटीत पुढच्या सीटवर होता आणि कृष्णात मागं. दहिवडी सुटेस्तोवर तो पुढं वाकून एकच बजावत होता, "मुंबईत कुणी इचारलं तर मेंढरू तुझं. पोरगी माझी."