करंगळीचं नख

"आज उशीर केलास, फातमा," हवाबाई म्हणाली. "तुझ्या शेठचं घोडं कुठं पेंड खात होतं?"

शेरबानूनं कापडाची घडी आईसमोर ठेवली. फातमा म्हणजे बांधणीचं कापड घरोघर पोचवणारी बाई. तिला जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. पण गेल्या रमजानपासून कच्छमधल्या मांडवीच्या या घरात ती रोज सकाळी जिवंत व्हायची, आणि हवाबाईची लेक शेरबानू नाहीशी व्हायची. सुरुवातीला शेरबानूनं वाद घालून पाहिला. "मा, मी आहे, शेरबानू." त्यावर हवाबाई तिच्याकडे घरात शिरलेल्या परक्या मांजराकडे बघावं तशी बघायची. त्यापेक्षा फातमा बरी. तिला निदान टोमणे तरी मिळायचे.

"शेठच्या घरी लग्न होतं, हवाबाई."

"परत? मागेही लग्नच होतं. किती बायका करणार आहे मेला?"

शेरबानूला खुदकन हसू आलं, आणि आलं तसं विरलंही. हा विनोद सांगायला घरात दुसरं होतं कोण? नवरा अयूब गलबतावर, समुद्रात. पावसाळ्याचे चार महिने तेवढा घरी. फोन लागला की पहिला प्रश्न, इद्रीसला दात आले का? आणि पोरगा इद्रीस अजून रांगत होता. विनोद कळायला त्याला बराच अवकाश होता.

हवाबाईनं कापड नाकाला लावलं. "धुतलेलं दिसतंय. शेठचं दिवाळं निघालं वाटतं."

धुतलेलंच होतं. कित्येक महिने ही एकच ओढणी चालली होती. हवाबाई सकाळभर गाठी बांधायची. दुपारी तिचा डोळा लागला की शेरबानू परसात जाऊन ओढणी दोन्हीकडून खेचायची. तड-तड-तड गाठी सुटायच्या. मग कापड धुवायचं, वाळवायचं, गेरूचे ठिपके पुन्हा उठवायचे. हात चालू असले की मा बसून राहायची. हात थांबले की उठायची, चपला शोधायची. "चल गं, मी घरी जाते." कुठलं घर, ते तिलाही सांगता यायचं नाही.

तिच्या डाव्या करंगळीचं नख पोपटाच्या चोचीसारखं वाढलेलं होतं, पिवळं, टोकदार. त्या टोकावर गेरूच्या ठिपक्याचं कापड उचलायचं, भुंगळीतून, म्हणजे पोकळ नळीतून, आलेला दोरा भोवती गरगर फिरवायचा, की मोहरीएवढी गाठ तयार. नवरा गेल्यावर हवाबाईनं याच नखावर घर ओढलं होतं. ती स्वतःच्या लेकीचं नाव विसरली, रोटल्यात मीठ घालायला विसरली, पण सकाळी उठल्याबरोबर नखाला तेल लावायला कधी विसरली नाही.

आणि त्याच नखानं परवा इद्रीसच्या डोळ्याखाली ओरखडा काढला होता. "कुणाचं गं हे गोड बाळ?" म्हणत तिनं मायेनं त्याचा गाल ओढला, एवढंच. ओरखडा डोळ्याच्या अगदी कडेला होता. तेव्हापासून शेरबानू डोळ्यात तेल घालून दोघांमध्ये उभी होती. पीठ मळताना इद्रीस कडेवर, भांडी घासताना पाळण्यात, न्हाणीत जाताना शेजारच्या रबियामासीकडे.

"कापून टाक," रबियामासी म्हणाली होती. "झोपेत काप. तिला कुठं कळणार आहे?"

शेरबानू कात्री घेऊन निजलेल्या आईपाशी बसलीही होती. पण 'तिला कुठं कळणार' हे शब्द काट्यासारखे रुतून बसले. उठल्यावर तिनं नख शोधलं तर? एवढं एकच तर तिच्याजवळ उरलं होतं. आणि ते गेल्यावर दिवसभर तिला बसवायचं तरी कशाच्या जोरावर? मग शेरबानूनं बाजारातून नखली आणली. बोटात घालायची धातूची टोकदार टोपी, हल्लीच्या पोरी गाठी बांधायला वापरतात ती. वाटेल तेव्हा काढून ठेवता येते. हवाबाईनं ती उलटसुलट करून पाहिली.

"हे कुठं घालतात? कोंबडीला?" म्हणाली आणि निवडलेल्या पालकात टाकून दिली.

आज शेरबानू चुलीपाशी होती. रोटला थापता थापता मागे वळून पाहते तर इद्रीस रांगत आजीच्या मांडीवर पोचलेला. तो आजीच्या ओढणीला लोंबकळून हसत होता, आणि तीही हसत, डावा हात त्याच्या तोंडाकडे नेत होती. शेरबानू पिठाच्या हातांनी धावली. तिनं मनगट धरलं ते इतकं जोरात, की हवाबाई कळवळली. पोर रडायला लागलं. तव्यावरचा रोटला करपला.

"हात सोड, बाई," हवाबाई हळूच म्हणाली. बाई म्हणाली. फातमासुद्धा नाही.

शेरबानूनं हात सोडला. मनगटावर पिठाची बोटं उमटली होती. तिला फातमाचा आवाज काही सापडेना.

"त्याचा डोळा गेला असता."

"कशानं?"

"या नखानं."

हवाबाईनं नखाकडे पाहिलं. मग पोराच्या गालावरच्या ओरखड्याकडे. पुन्हा नखाकडे. तिची नजर दोहोंमध्ये दोरा ओवत असल्यासारखी फिरत राहिली.

"हे मी केलं?"

नाही म्हणणं सोपं होतं. दिवसभर ती खोटंच तर बोलत असायची. शेरबानूनं मान डोलावली. हो.

"लेकरू कुणाचं?"

"तुझ्या लेकीचं."

"आणि ती कुठंय?"

"येईल," शेरबानू म्हणाली.

"बघा. तान्हं लेकरू टाकून भटकतेय." हवाबाईनं चुकचुक केलं आणि करंगळी पुढे केली. "काप. नख काय, पुन्हा येतं."

नख शिंगासारखं कडक झालं होतं. कोमट पाण्यात भिजवल्यावर कुठं कात्री चालली. तुकडा पडला तेव्हा हवाबाईनं तो तळहातावर घेऊन पाहिला. "कुंडीत पुरून टाक," एवढंच म्हणाली.

जेवणानंतर शेरबानूला जी भीती होती तेच झालं. हवाबाईनं ओढणी पुढ्यात घेतली, करंगळी कापडाखाली नेली. ठिपका निसटला. पुन्हा नेली. पुन्हा निसटला. ती बोटाच्या उघड्या टोकाकडे बघत राहिली. मग भुंगळी खाली ठेवून उठली आणि चपला शोधू लागली.

"मी घरी जाते."

इद्रीस पाळण्यात झोपला होता. शेरबानूनं दाराला कडी घातली नाही. ती मटकन माच्या जागेवर बसली, कापडाखाली हात घातला आणि चिमटीत एक ठिपका वर उचलून धरला.

"हवाबाई, एवढा बांधून जा."

एक पाय चपलेत, एक बाहेर, अशी हवाबाई थबकली. मग खाली बसली. दोरा भोवती फिरला.

"केवढं उचललंस? बकरा बांधायचाय का?"

"चुकलं. आता?"

"आता कोकरू." दोरा फिरला. "आमची पोरगी अशीच. हाताला वळणच नाही."

शेरबानूनं पुढचा ठिपका उचलला. "शिकवलं नाहीस तिला?"

"मुद्दाम नाही शिकवलं. दर शुक्रवारी तिची नखं मी स्वतः कापायची. एकदा का करंगळी वाढली की पोरगी जन्मभर ओढण्यांत अडकते. तिला म्हटलं, तू शाळेत जा." दोरा फिरत होता. "भुजला कॉलेजात आहे. येत नाही."

"अभ्यास असेल."

"असेल."

दोघींचे चार हात लागूनही गाठी वाकड्यातिकड्या येत होत्या. एकटी हवाबाई बांधायची तेव्हा याच्या चौपट काम व्हायचं. उन्हाचा पट्टा उंबऱ्यावरून सरकत पाळण्यापर्यंत गेला.

"फातमा, तू भुजला जातेस ना?" हवाबाईनं विचारलं. "पोरगी भेटली तर विचार. म्हणावं, मा विचारते, नखं कापलीस का?"

शेरबानूनं कापड सोडलं आणि दोन्ही हात पुढे केले. हवाबाईनं ते धरले, उजेडाकडे वळवले आणि एकेक बोट दाबत सगळी नखं तपासली. करंगळीवर ती जरा जास्त वेळ थांबली. इद्रीसमुळे शेरबानू नखं पार मुळापर्यंत कापायची.

"हं," हवाबाई म्हणाली. मग तिनं तो हात उचलून पुन्हा कापडाखाली ठेवला. "चल, उचल. बकरा नको."