एक्केचाळीस दसऱ्यांचा रंग

गेले दोन महिने मी एका मशीनचं वय शोधतोय आणि त्यापायी माझ्या डोक्याचा पार भुगा झालाय.

मशीन माझ्या बाबांचं. बाबा म्हणजे मुळगावचे गोकुळदास च्यारी. डिचोलीत जुन्या घरांना जी जड, नक्षीची दारं दिसतात, त्यातली निम्मी त्यांच्या हातची. एकाच बैठकीवर रंधा, चक्री करवत आणि भोकं पाडायचं यंत्र, असं ते तीन तोंडांचं धूड. बाबा गेल्यावर तीन वर्षं त्यावर शेजारच्या कोंबड्या बसत होत्या. मग माझ्या लेकीने, सेजलने, मोपाच्या विमानतळावरची चांगली नोकरी सोडली आणि जाहीर केलं, "पपा, मी खुर्च्यो करतलंय. आज्याच्या मशिनीर."

मी म्हटलं, कर बाई. पण रंध्यावर गार्ड बसल्याशिवाय बटनाला हात लावायचा नाही.

याला कारण आहे. १९८६ साली, मी दहावीत असताना, याच रंध्याने बाबांच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली. फिरत्या पात्यांवर एक लोखंडी झाकण असतं, तो गार्ड. तो जागेवर नव्हता. आमच्याकडे कामाला असलेल्या खानापूरच्या विठूने तो काढून भंगारात घातला होता. बुधवारच्या डिचोली बाजारात येणाऱ्या-जाणाऱ्याला उरलेली तीन बोटं दाखवत बाबा मरेपर्यंत हेच सांगत राहिले, "विठून गार्ड काडलो, आनी म्हजीं बोटां गेलीं." विठूला त्याच आठवड्यात कामावरून घालवला होता.

तर आता गार्ड हवा. कोइमतूरला जुने सुटे भाग विकणारा एक गृहस्थ सापडला. तो म्हणाला, या कंपनीने गार्ड तीनदा बदलला, मशीन कुठल्या सालचं ते सांगा. साल! पितळी पाटीवरचा नंबर झिजून सपाट झालेला. पावती वाळवीने खाल्लेली. कंपनी पंजाबातली, ती कधीच बंद पडली, आणि मालकाच्या नातवाने फोनवर सरळ कानावर हात ठेवले. इंटरनेटवर जुन्या मशीनच्या वेड्यांचा एक गट आहे. तिथे फोटो टाकला तर एकाने १९६५ सांगितलं, दुसऱ्याने १९९०, आणि तिसऱ्याने विकणार का म्हणून विचारलं. उंटावरून शेळ्या हाकायला सगळे तयार.

शेवटी मी विठूला गाठायला वाळपईला गेलो. मशीन आमच्याकडे आलं तेव्हा तो होता, त्याला साल आठवेल, असं वाटलं. म्हातारा ओसरीवर दोरी वळत बसला होता. साल त्याला आठवेना. मग मी विचारलं, निदान तो गार्ड दिसायला कसा होता ते तरी सांग.

"बाब, त्या मशिनीचो गार्ड मी कधी बघूकच नाय," तो म्हणाला.

माझं टाळकंच सरकलं. माझा आवाज मुळात मोठा. मी मुळगावात ओरडलो तर शिरगावात कुत्री भुंकतात, असं आमच्या घरात म्हणतात. "माझ्या बापाची बोटं खाल्लीस आणि वर खोटं बोलतोस? लाज नाही वाटत?" आजूबाजूची माणसं दारात आली. विठूची सून शीतल माझ्यासाठी चहा घेऊन आली होती, ती कप हातात धरून तशीच उभी राहिली. विठू दोरी गुंडाळून आत गेला.

घरी येऊन सगळा राग मी मशीनवर काढला. त्यावरचा रंग म्हणजे एक स्वतंत्र दुखणं. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी बाबा मशीन रॉकेलने धूत आणि वर ऑइलपेंटचा एक हात मारत. त्या वर्षी कोणाच्या दारांचा रंग उरला असेल तो. पिवळा, तपकिरी, मध्येच एखाद्या वर्षी देवळासारखा शेंदरी. खरवडता खरवडता माझ्या खांद्याचं वंगण संपलं होतं. फक्त एक पाय आणि रंध्याच्या टेबलाची बाजू तेवढी उरली होती.

"पपा, रांव!" सेजल ओरडली. "हें बघ."

तिने पायावर रुपयाएवढी जागा पॉलिशपेपरने घासली होती. ओंडका कापल्यावर दिसतात तशी एकात एक वलयं उमटली होती, प्रत्येक वेगळ्या रंगाचं. दर वर्षाला एक थर. आम्ही भिंग घेऊन तीनदा मोजले. कंपनीच्या हिरव्यावर एक्केचाळीस. बाबांनी शेवटचा हात मारला तो २०२० च्या दसऱ्याला. आजी वारली त्या वर्षी सुतक होतं, ते एक वर्ष सोडायचं. म्हणजे पहिला दसरा १९७९ चा, तेव्हाचा रंग निळा.

मी दोन महिन्यांत पहिल्यांदा हसलो. लगेच कोइमतूरला फोन केला. तो म्हणाला, गार्ड जिथे बसतो ती जागा साफ करून फोटो पाठवा.

रंध्याच्या टेबलाच्या बाजूला दोन बोल्टची भोकं आहेत, रंगाने बुजलेली. सेजलने तिथेही घासलं आणि मोजायला लागली. मी म्हटलं, तिथे थर कमी भरणार. अपघातापर्यंतचे सात दसरे त्या जागेवर गार्ड होता.

"एक्केचाळीस," ती म्हणाली.

"चुकलीस."

मी मोजले. एक्केचाळीस.

"दर वर्षी गार्ड काढून रंग दिला असणार," मी म्हणालो. सेजलने जाड सुईने भोकातला रंगाचा गोळा हळूहळू बाहेर काढला. तो आट्यांच्या वळणासकट अख्खा निघाला. त्याचं आतलं टोक निळं होतं. १९७९ च्या रंगाने भोक बुजलं, ते बुजलेलंच राहिलं. त्यात बोल्ट कधी शिरलाच नव्हता.

ती माझ्याकडे बघत होती. मला बाबांचा राग आला, इतका की हातातला खरवडायचा पत्रा मी भिंतीवर फेकला. च्यारी, म्हणजे पिढीजात सुतार, म्हणवणाऱ्या माणसाची बोटं स्वतःच्या चुकीने गेली हे सांगायची लाज वाटली, म्हणून दुसऱ्याच्या माथी मारलं. आणि ते मेल्यावरही मी तेच केलं, त्या माणसाच्या दारात उभा राहून.

दुसऱ्या दिवशी वाळपईला गेलो. निळ्या टोकाचा तो गोळा विठूच्या हातावर ठेवला आणि सगळं सांगितलं. त्याने तो बोटांत फिरवून बघितला.

"मगे कोणीच माका मशिनीर बसूक दिलो नाय," तो म्हणाला. "गार्ड विकता म्हणत. सेंट्रिंगच्या फळ्यो मारून दीस काढले."

"माझं चुकलं, विठू."

"हंय सांगून काय? हंयच्यांका खबर आसा मी कसो तो." त्याने गोळा मला परत दिला. "बाजारात सांगा. बुधवारी."

मंगळवारची रात्र मी मुळीच झोपलो नाही. बाबांचं नाव अजून त्या बाजारात मानाने घेतात. ते माझ्याच तोंडाने पुसायचं होतं.

बुधवारी दहा वाजता विठू इस्त्रीचा शर्ट घालून बाबांच्या नेहमीच्या चहाच्या दुकानासमोर उभा होता. आत आठ-दहा जुने मेस्त, बाबांच्या वेळचे सुतार, पाव बुडवून चहा पीत होते. सेजल माझ्या मागे होती. मी गोळा हातात धरला आणि बोलायला सुरुवात केली. गार्ड नव्हताच, विठूने काढला नाही, बाबा खोटं बोलले. जन्मभर सगळ्या जगावर ओरडलेला मी, पण घशातून कुजबुजीपलीकडे काही येईना. दोघांनी माना वर केल्या आणि पुन्हा कपात घातल्या.

"जोरान," विठू शेजारून म्हणाला. "त्या दिसा माझ्या दारात बोंब मारलेली न्हय? तशी."

मी श्वास घेतला आणि पहिल्यापासून, ओरडून सांगितलं.