उद्या संध्याकाळचा शिक्का

मी तारखेचा शिक्का बोलतोय. बोलतोय कसला, आजवर थापाच मारल्यात. रबरी पट्टे फिरवून घ्यायचे, शाईत तोंड काळं करायचं आणि पावतीवर दणकन आपटायचं, एवढंच माझं कर्तृत्व. तरी मिजास अशी, की दिलेली तारीख जणू मीच पाळणार आहे.

माझी नोकरी पुस्तकबांधणीच्या दुकानात. पुढे गल्ल्यावर दादा बसतात, मागच्या खोलीत ताई बांधणी करतात. दादा मनाने वाईट नाहीत, पण गिऱ्हाइकाचा उतरलेला चेहरा त्यांना बघवत नाही. कोणी काहीही आणो, "उद्या संध्याकाळी घेऊन जा." उचलली जीभ, लावली टाळ्याला! आणि त्यावर शिक्कामोर्तब करणारा मी.

ताई सांगून सांगून थकल्या. खळ लावली की पुस्तक रात्रभर वजनाखाली राहायला हवं, नाहीतर पानं हातात येतात. म्हणजे दोन दिवस लागतातच. दादा म्हणायचे, तुम्ही मनावर घेतलंत तर होईल. नाही झालं की बोलणी मात्र ताईंनी खायची.

एका मंगळवारी एक विद्यार्थिनी प्रबंधाच्या पाच प्रती बांधायला घेऊन आली. गुरुवारी दुपारी बारापर्यंत जमा केल्या नाहीत तर तिचं वर्ष वाया जाणार होतं. दादांनी आत न विचारताच बुधवार संध्याकाळ दिली. मी असा ठसठशीत उमटलो, की माझा मलाच अभिमान वाटला. लाज वाटायला हवी होती.

बुधवारी ती आली तेव्हा प्रती ओल्याच होत्या. दादा म्हणाले, घेऊन जा, वाटेत वाळतील. तेवढ्यात ताई हात पुसत बाहेर आल्या.

"आज देणार नाही, पानं सुटतील. उद्या अकराला मी स्वतः कॉलेजात आणून देते."

मुलगी रडवेली झाली. "हे कालच सांगितलं असतंत तर मी दुसरीकडे गेले असते."

दादा गल्ल्यातली चिल्लर मोजायला लागले. मी आपला शाईच्या डबीत तोंड खुपसून पडून होतो.

गुरुवारी ताई धावतपळत वेळेत पोचल्या, पोरीचं वर्ष वाचलं. परत आल्यावर त्यांनी मला उचललं आणि आपल्या एप्रनच्या खिशात टाकलं. यापुढे तारीख द्यायची तर आत येऊन विचारायचं, असं दादांना बजावलं. दादा आठवडाभर फुगून बसले. मीही फुगलो होतो, पण खिशातल्याकडे बघतंय कोण.

काल एक आजोबा जुना शब्दकोश घेऊन आले. उद्या मिळेल का, म्हणाले. दादांचं तोंड उघडलं आणि मिटलं. ते उठून आत आले. ताईंनी हातातलं काम बघून शुक्रवार सांगितला, माझे पट्टे फिरवले आणि मला त्यांच्या हातात दिलं. दाढ काढून घ्यायला निघाल्यासारखे दादा बाहेर गेले.

"शुक्रवारी होईल. त्याआधी नाही."

आजोबा म्हणाले, "चालेल."

बस, एवढंच. दादा माझ्याकडे बघतच राहिले. 'नाही' म्हणायच्या भीतीने आम्ही दोघांनी किती जणांना हेलपाटे घालायला लावले असतील! तेव्हा तारखा वाटणाऱ्यांनो, आधी आत जाऊन विचारा हो. नऊ पावलं लागतात. खिशात बसून मोजलीत मी.