पुस्तकात नसलेलं मोहाचं झाड

बायनाबाईंचं मत असं होतं की चारशे पानांत कोणीच सैपाक करत नसेल, तर ती कादंबरी खोटी.

"एवढी मोठी फौज," त्या म्हणाल्या, "डोंगर चढून राह्यली, नदी उतरून राह्यली. पण चूल काई कोणी पेटवली नाई. लढले कायच्या भरवशावर?"

"बाई, ती फँटसी आहे," मयुरी म्हणाली.

"मंग फँटसीतले लोकं जेवत नाईत का वं?"

माजरीच्या आमच्या कॉलनीतल्या विहारात रविवारी दुपारी हे वाचनमंडळ बसतं. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने, तिथं रोज ग्रंथवाचन होतं. एकजण वाचतो, बाकीचे ऐकतात. आश्विन पौर्णिमेला ते संपलं की लोकांना चुकल्याचुकल्यासारखं होतं. म्हणून मयुरीनं हे मंडळ काढलं. ती भद्रावतीला शाळेत शिकवते. ऑक्टोबरात चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर पुस्तकांचे ठेले लागतात, तिथून जमेल त्यानं कादंबरी आणायची, नाहीतर विहाराच्या कपाटातली जुनी घ्यायची, आणि आपल्या पाळीला मत सांगायचं. मयुरी जादू-राक्षसवाल्यांची. अश्वजित वर्कशॉपमध्ये फिटर आहे, तो यान आणि ग्रहवाल्यांचा.

"जादू म्हणजे लेखकाची सोय," तो म्हणतो. "अडला की काढली कांडी."

"आणि तुझ्या यानाचं डिझेल कधी संपत नाई, ती कोणाची सोय?" मयुरी विचारते.

त्या रविवारी बायनाबाईंनंतर माझी पाळी होती. खरं म्हणजे माझी नव्हती. माझ्या बायकोची, सत्यशीलाची होती. मंडळात ती जायची. मी कोळशाच्या खाणीत डंपर चालवला, रिटायर झालो, आणि वाचायचं म्हणाल तर पेपर. कादंबऱ्या ती वाचायची आणि मी जेवायला बसलो की सांगायची. पुस्तकाचं नाव ती कधी सांगत नसे, मी विचारत नसे. मागच्या उन्हाळ्यात ती गेली. दोन दिवसांचा ताप, एवढंच. शेवटचं पुस्तक घरीच राहिलं होतं, आणि त्यावर मत सांगायची तिची पाळीही तशीच राहिली होती.

मंडळ पुन्हा सुरू होताना मयुरी घरी आली. "काका, काकूंची पाळी दुसऱ्या कोणाले देऊ का?"

"काऊन? मी सांगतो नं."

"तुम्ही वाचलं?"

"मले सारी गोष्ट मालूम आहे," मी म्हणालो.

तिची पाळी दुसऱ्या कोणाकडे जावी असं मला वाटत नव्हतं.

तर बायनाबाईंचं झाल्यावर मी उठलो. इस्त्रीचा शर्ट घातला होता. एका फौजेची गोष्ट मीही सत्यशीलाकडून ऐकली होती, पण तिच्यात रोज संध्याकाळी भात शिजायचा. तेव्हा बायनाबाईंचं पुस्तक वेगळं असणार, असं समजून मी गप्प राहिलो आणि माझं सुरू केलं.

सातव्या चंद्रावर खाण आहे. रुमो तिथं गाडी चालवतो. त्याची बायको इला छावणीत रेडिओ सांभाळते. गाडीवर मी बराच वेळ बोललो. तिथं वजन कमी, मग भरलेली गाडी चढावर धरेल कशी? ब्रेक मारला तर थांबेल कुठं? "लेखक डंपरवर बसलेला दिसत नाई," मी म्हणालो, आणि अश्वजितनं टाळी दिली.

मग मोहाचं झाड सांगितलं. इलानं काचेच्या घुमटाखाली मोह लावला. चैत्रात फुलं गळायची, पण वजन कमी असल्यामुळे फूल सावकाश खाली यायचं. हवेतच वेचायचं. कंबर वाकवायची गरज नाही. बायका हसल्या. "असं झाड इथी पायजे," कोणीतरी म्हणालं. शेवटी वादळ येतं, रेडिओ बंद पडतो, रुमो वाट चुकतो. इला घुमटातले सगळे दिवे लावते. ते पाहून रुमो परत येतो, हात धुतो आणि जेवायला बसतो. संपली गोष्ट.

अश्वजितनं माझ्या हातातलं पुस्तक घेतलं, मागची पानं चाळली.

"काका, हे पुस्तक मी वाचलं आहे," तो म्हणाला. "याच्यात मोहाचं झाड नाई. आणि रुमो परत येत नाई. वादळात मरते तो."

"असं कसं?"

"सत्यशीलानं अर्धंच वाचलं असन," बायनाबाई म्हणाल्या. "पुढचं मनानं जोडलं असन. काई हरकत नाई, भाऊ."

"ती अर्धं सोडणारी नव्हती."

"मंग तुमीच आयकता आयकता झोपले असान."

सगळे हसले. बायनाबाईंच्या मनात वाईट नव्हतं. मला हसले त्याचंही काही नाही, चाळीस माणसांच्या कँटीनमध्ये मी आयुष्य काढलं आहे. पण पुस्तक न वाचताच मत द्यायला निघालेली बाई, असं सत्यशीलाचं नाव मंडळात राहिलं तर ते मला चालणार नव्हतं. मी पुस्तक परत घेतलं. म्हणालो, "पुढच्या रविवारी सांगतो."

आठवडाभर वाचलं. ओळीखाली बोट ठेवून वाचतो मी, वेळ लागतो. अश्वजित खरं बोलला होता. मोहाचं झाड सोडा, त्या चंद्रावर गवताची काडी नव्हती. इला दिवे लावते, पण ते पाहायला रुमो उरत नाही. शेवटच्या पानावर ती रेडिओ चालू ठेवून बसलेली आहे. पुस्तकात तो जातो आणि ती राहते. आमच्याकडे उलटं झालं. मी पुस्तक मिटलं आणि एटापल्लीला खुशबूला फोन लावला. माझी मुलगी, तिकडे दवाखान्यात नर्स आहे.

"तुझ्या आईनं तुले ते सातव्या चंद्राचं सांगितलं होतं का वं?"

"हाव. फोनवर. तो ड्रायव्हर मरते ते सांगताना किती रडली. मी म्हटलं, आई, पुस्तक आहे ते."

"मले तर तो जेवायले बसला म्हणून सांगितलं."

खुशबू हसायला लागली. "बाबा, हत्ती मेला तवा तुम्ही काय केलं होतं?"

मला आठवलं. फौजेच्याच गोष्टीत राजाचा हत्ती मेला होता. मला सेकंड शिफ्टला निघायचं होतं. ताट तसंच ठेवून उठलो आणि उपाशी ड्युटीवर गेलो. का, ते आजही सांगता येणार नाही. चांगला हत्ती होता.

"तवापासून आई म्हणे, तुझ्या बाबाच्या ताटावर कोणाले मारता येत नाई."

"आणि मोहाचं झाड?"

"कोणतं मोहाचं झाड?" खुशबूनं विचारलं.

मी म्हटलं, काही नाही, जेव तू.

सत्यशीलाचं माहेर सिंदेवाहीकडचं. लहानपणी ती पहाटे मोहफुलं वेचायला जायची. शेवटची काही वर्षं तिचे गुडघे धरले होते, खाली पडलेला चमचा मीच उचलून द्यायचो. ही गोष्ट तिनं मला सांगितली तेव्हा चैत्रच होता.

पुढच्या रविवारी मी पुन्हा उभा राहिलो. सरळच सांगितलं. "पुस्तक सत्यशीलानं पुरं वाचलं होतं. खुशबूले खरा शेवट सांगितला. मले खोटा सांगितला, कारण मी जेवत होतो." मग हत्तीचंही सांगितलं.

बायनाबाईंनी कपाळाला हात लावला. "माय वं! अन् मी काय बोलली. माफ करा, भाऊ."

"आता मत सांगा, काका," मयुरी म्हणाली.

"लेखकानं चांगलं लिहिलं आहे. पण सत्यशीलानं केलेलं बरं आहे."

"ते फुलांचं मी पाह्यलं," अश्वजित मध्येच म्हणाला. पेनानं त्यानं हातावर काहीतरी आकडे मांडले होते. "एवढ्या कमी वजनात फूल खरंच तसं पडन. घुमटात हवा आहे, मंग तर अजून सावकाश. काकूनं जादू नाई केली. ते माझ्या पार्टीतलं आहे."

"चैत्रात फुलणारं झाड चंद्रावर, आणि म्हणे तुझ्या पार्टीतलं!" मयुरी म्हणाली. दोघांचं सुरू झालं. मी खाली बसलो. पाळी झाली होती, आणि चांगली झाली होती.

बायनाबाई माझ्याकडे सरकल्या. "भाऊ, तो हत्ती. पांढऱ्या सोंडेचा होता का? राजा त्याले नदीतून नेते?"

"हाव."

"अजी, तेच तर मी वाचलं! मागच्या रविवारी मत नाई का सांगितलं?"

"नाई जी. त्या फौजेत रोज भात शिजे. वांग्याची भाजी राहे. कधी लाखोळीची डाळ."

"कुठी शिजे? एक पान दाखवा मले!"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. बायनाबाईंनाही आलं असावं. त्या उठून कपाटाकडे गेल्या आणि ते जाडजूड पुस्तक माझ्या मांडीवर आणून ठेवलं.

आता ते वाचतो आहे. जे आधी ऐकलेलं पानावर सापडतं, ते लेखकाचं. जे सापडत नाही, तिथं थोडा थांबतो. काल हत्ती मेला. मी त्याच्या आधीच जेवून घेतलं होतं. आज फौज नदीपलीकडे मुक्कामाला थांबली, तंबू ठोकले, घोडे बांधले, पहारे बसले, सगळे झोपले. भात कोणी टाकला नाही.

पुस्तक पालथं ठेवलं, उठलो, आणि कुकर लावला.