काळ्यावर काळा धागा

बोलतोय तो मी, थिएटरचा पडदा. आवाज माझ्या मागून आल्यासारखा वाटला तर दचकू नका. माझ्या सगळ्या अंगाला सुईच्या टोकाएवढी भोकं आहेत आणि मागच्या स्पीकरांचा आवाज त्यांतूनच तुमच्यापर्यंत पोहोचतो. इतकी वर्षं दुसऱ्यांचं बोलणं अंगातून जाऊ दिलं, आज थोडं माझंही ऐका.

मी जन्मलो एका लांबलचक शेडमध्ये. पांढऱ्या पट्ट्या तापवून एकमेकींना जोडल्या, भोकं पाडली, वरून रंगाचा फवारा मारला आणि मला गुंडाळून ठेवलं. त्या गुंडाळीत मी किती झोपलो कोण जाणे. जाग आली तेव्हा इथे, या चौकटीला चारी बाजूंनी ताणून बांधलेला होतो, आणि समोर रिकाम्या खुर्च्या माझ्याकडे बघत होत्या.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मला चित्र दिसत नाही. आपल्याच पाठीवरचा तीळ कुणाला दिसतो? चित्र माझ्या अंगावर असतं आणि मला दिसता तुम्ही. हसताना तुम्ही आधी शेजाऱ्याकडे बघता, रडताना कुणाकडेच बघत नाही. मध्येच उठून जाणारा माणूस कमरेत वाकून जातो, तेही शेवटच्या रांगेतून, जिथे त्याच्या डोक्याची कुणाला अडचण नसते. उजेडात मी जागा असतो, अंधारात पेंगतो, आणि पेंगताना तुमचे चेहरे माझ्यासमोर तरंगत राहतात. सिनेमे मला असे कळतात, तुमच्या तोंडावरून.

तुमच्या डोक्यांच्या वर, समोरच्या भिंतीत एक छोटी काचेची खिडकी आहे. तिच्यामागे आमचा ऑपरेटर उभा असतो. त्याची बायको बाहेर तिकिटांच्या खिडकीवर बसते. नवराबायको दोघंही खिडकीवालेच, एक तिकीट देते, दुसरा सिनेमा दाखवतो. सगळे तिला बाईच म्हणतात, मीही तेच म्हणतो. त्यांची एकुलती एक लेक माझ्यासमोरच वाढली. पहिल्या रांगेत आडवी होऊन, तोंड उघडं टाकून झोपायची. मोठी झाल्यावर मध्यंतरात तिथेच बसून शिवायची. मग सिनेमातले कपडे शिवायला दूरच्या शहरात जायचं म्हणाली आणि ऑपरेटरने साफ नाही सांगितलं. ती तरीही गेली. तेव्हापासून बापलेकीत बोलणं नाही. दोघं आईकडून एकमेकांची खुशाली काढतात, तीसुद्धा कुणा लांबच्या नातेवाइकाची चौकशी करावी तशी.

अशात तो सिनेमा आला. काळा झगा घालून छपरांवरून उड्या मारणाऱ्या एका नायकाचा दुसरा भाग. पहिला भाग माझ्या अंगावर महिनोन्‌महिने नाचला होता. नायक हसतखेळत चोर पकडायचा, पोरं खुर्च्यांवर उभी राहायची. साहजिकच दुसऱ्या भागाला झुंबड उडाली. पोरं गळ्यात टॉवेल बांधून आली होती.

आणि हा दुसरा भाग म्हणजे नुसता अंधार. नायक एका पडक्या घंटाघरात एकटा राहतो. बाहेर धुकं, दगडी राक्षसांचे पुतळे, ओल्या गल्ल्या. त्याचा शत्रू एक घड्याळजी, ज्याच्या घरच्यांना वाचवायला नायक वेळेवर पोहोचला नव्हता. शेवटी नायक त्याला मारत नाही. घड्याळजी मरायला टेकलेला असतो, नायक आपला झगा काढतो, उलटा करतो आणि त्याच्या अंगावर पांघरतो. झालं, संपला सिनेमा. हे सगळं मला लोकांच्या बोलण्यातून जोडून घ्यावं लागलं.

लोक काय म्हणाले? टॉवेलवाली पोरं रडत बाहेर गेली. एक आजोबा दर थोड्या वेळाने सुनेला विचारत, आता कोण मेलं, आणि तिलाही ते सांगता येईना. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, दिवे लावा रे, आम्ही ठेचकाळतोय. कोपऱ्यावरचा सलूनवाला मध्यंतरातच उठला. पहिल्या भागाची सगळी मजा घालवली, म्हणाला, सुतकात बसल्यासारखं वाटतंय. कॉलेजातली दोन-चार मुलं तेवढी पुन्हा पुन्हा आली आणि मान पुढे काढून बघत बसली. पुढच्या आठवड्यात खुर्च्या ओस पडल्या. मालक म्हणाले, पडदाच पिवळा पडलाय, अंधाराच्या सिनेमात काय दिसणार. म्हणजे खापर माझ्या डोक्यावर. गुरुवारी सिनेमा उतरवायचं ठरलं.

पण बाईंचा जीव त्याच सिनेमात अडकला होता. नायकाच्या झग्याचं अस्तर त्यांच्या लेकीने भरलं होतं. काळ्या कापडावर काळ्या रेशमाने, एकटीने, कित्येक महिने. शेवटच्या प्रसंगात झगा उलटा होतो तेव्हा ते दिसतं, असं तिने फोनवर सांगितलं होतं. बाई रोज खिडकी बंद करून शेवटच्या प्रसंगाला आत यायच्या, भिंतीला टेकून उभ्या राहायच्या. त्यांचा चेहरा मला दिसायचा. डोळे ताणून ताणून बघायच्या आणि हात हलवत परत जायच्या.

उतरवण्याच्या आदल्या दिवशी, दुपारच्या खेळाआधी, ऑपरेटर शिडीवर चढून मऊ ब्रशने माझं तोंड पुसत होता. मालकांचा हुकूम. बाई पहिल्या रांगेत येऊन बसल्या, कारण बाहेर रस्त्याच्या गोंगाटात त्यांना फोन ऐकू येत नाही. कान जरा कमी, म्हणून फोन मोठ्या आवाजावर. लेकीचा होता. उद्या सिनेमा जातोय हे तिला कळलं होतं.

"आई, अस्तर दिसलं का गं?"

"दिसलं ना. फार सुरेख झालंय."

"काय आहे त्याच्यावर?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "फुलं."

माझ्या गालावरचा ब्रश थांबला.

"फुलं नाहीत गं आई," लेक म्हणाली. आवाजात राग नव्हता. "बाबा अजून दिवा मंदच ठेवतात ना?"

बाईंनी शिडीकडे बघितलं नाही. हो, एवढंच म्हणाल्या.

हे तुम्हाला उलगडून सांगायला हवं. ऑपरेटरच्या यंत्रात एक जबरदस्त दिवा असतो. त्याचा प्रवाह कमीजास्त करता येतो. लेक लहान असताना तो दिवा एकदा चालू खेळात फुटला. ती तिथेच यंत्राच्या खाली बसून बाहुलीचे कपडे शिवत होती. काच उडाली आणि तिच्या भुवईपाशी लागली. डोळा थोडक्यात वाचला. त्या दिवसापासून ऑपरेटरने दिवा कधी पूर्ण चढवला नाही. मालकांना वाटे, दिवा जास्त दिवस टिकावा म्हणून काटकसर करतोय. तो माणूस घाबरलेला होता, दुसरं काही नाही. रंगीबेरंगी, नाचगाण्यांच्या सिनेमांना मंद उजेडही पुरायचा. त्यामुळे कुणाला कळलं नाही, आणि हळूहळू त्याचं त्यालाही वाटेनासं झालं की आपण काही कमी दाखवतोय.

फोन संपला. ऑपरेटर शिडीवरून उतरला, ब्रश झटकला.

"चढवला आणि फुटला तर?" तो म्हणाला.

"अहो, आता तिथे खाली कोण बसलंय?" बाई म्हणाल्या. मग त्यांना रडू आलं. "पोर इतक्या लांबून दाखवतेय आणि आपण बघत नाही."

तो वर गेला.

दुपारच्या खेळाला मोजकी माणसं होती. कॉलेजातली ती मुलं, आणि बाईंनी हाताला धरून आणलेला सलूनवाला. बाई आज उभ्या नव्हत्या, मधल्या रांगेत बसल्या होत्या. दिवा लागला आणि मला झोपेतून कुणी थंड पाण्याने उठवावं तसं झालं. इतका उजेड माझ्यावर कितीतरी वर्षांत पडला नव्हता. माझ्या अंगावरचा काळा रंग उघडला. त्यात धुक्याचे थर निघाले, भिंतींची ओल निघाली, घड्याळजीच्या डोळ्यांतलं पाणी निघालं. समोरचे चेहरे पुढे झुकले. सलूनवाला शेजारच्या पोराला म्हणाला, हा तर दुसराच सिनेमा आहे. आणि मध्यंतरात तो उठला नाही.

शेवटचा प्रसंग आला. झगा उलटा झाला. काळ्या कापडावरचा काळा धागा उजेड पकडून चमकला, आणि मला बाईंच्या चेहऱ्यावर ते उमटताना दिसलं. अस्तरावर एक झोपलेलं शहर होतं, छपरांमागे छपरं. सगळी घरं बंद, फक्त एका भिंतीत एक छोटी चौकोनी खिडकी, आणि तिच्या काचेला नाक टेकवून बाहेर बघणारा एक माणूस.

बाईंनी तोंडावर हात ठेवला. मग त्यांनी मान वळवली. सिनेमाच्या शेवटच्या क्षणी माझ्याकडे पाठ करणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं. त्या वर बघत होत्या, समोरच्या भिंतीतल्या खिडकीकडे. मीही बघितलं. काचेला नाक टेकलेलं होतं आणि तो चेहरा ओला होता.

दिवा फुटला नाही. खेळ संपल्यावर ऑपरेटर खाली आला, पहिल्या रांगेत बसला आणि बायकोकडे हात पसरला. बाईंनी फोन लावून दिला. लेक हॅलो म्हणाली, पुन्हा म्हणाली, आणि आई बोलत का नाही म्हणून घाबरली.

"माझं नाक एवढं मोठं नाहीये," ऑपरेटर म्हणाला.

पलीकडून हुंदका आला, का हसू, मला सांगता येणार नाही.

"तुम्ही काचेला टेकवता ना, बाबा," ती म्हणाली. "पहिल्या रांगेतून असंच दिसायचं. मी झोपायचे नाही कधी. मी तुम्हालाच बघायचे."

सिनेमा गुरुवारी गेला. सलूनवाल्याने गिऱ्हाइकांना सांगून सांगून थोडी गर्दी जमवली, पण उशीर झाला होता. आता दिवा रोज पूर्ण चढतो आणि त्या उजेडात माझे पिवळे डाग लपत नाहीत. उद्या मला उतरवणार आहेत. मालकांचं बोलणं अगदीच खोटं नव्हतं, त्यामुळे तक्रार करायला मला तोंड नाही. पुन्हा गुंडाळीतली ती लांब झोप येईल, आणि खरं सांगतो, आता ती यावी असं वाटतं.

माझ्या जागी पांढराशुभ्र नवा पडदा येईल. तो चित्रं दाखवायच्या घाईत असेल, तरण्या पडद्यांची तीच तऱ्हा. तुमच्यापैकी कुणी लवकर येऊन पहिल्या रांगेत बसलं, तर त्याला माझा एक निरोप द्या. म्हणावं, सगळे तुझ्याकडे बघणार आहेत, तू समोरच्या खिडकीकडे बघत जा.