चौदाव्या प्रश्नाचं उत्तर

मित्रांनो, मी एक जुना सरावसंच आहे. पाठीचा डिंक सुटलाय, एक कोपरा चहात भिजून फुगलाय आणि माझ्या शेवटच्या पानावर एक चूक छापलेली आहे. ती मला जन्मापासून ठाऊक आहे. कुणाला सांगता आली नाही, कारण पुस्तकाला तोंड नसतं.

माझ्यात विज्ञानाचे उतारे आहेत आणि त्यांच्याखाली प्रश्न. त्यात एक खास जात आहे, बळकटीच्या प्रश्नांची. 'पुढीलपैकी कोणते विधान खरे मानल्यास या निष्कर्षाला बळकटी मिळेल?' भले भले इथे आपटतात. चौदावा प्रश्न तसाच. उताऱ्यातल्या शास्त्रज्ञाला दिसतं की दिव्यांच्या रस्त्यावरची झाडं उशिरा पानं गाळतात. तो म्हणतो, हे दिव्यांच्या उजेडामुळे होतं. 'अ' तेच पुन्हा सांगतो. 'ब' सांगतो की एका रस्त्यावरचे दिवे वर्षभर बंद ठेवले, तेव्हा तिथल्या झाडांनी बिनदिव्यांच्या रस्त्यावरच्या झाडांबरोबरच पानं गाळली. 'क' सांगतो की झाडं उजेडात अन्न तयार करतात. 'ड' म्हणतो, डांबरी रस्ता ऊब धरून ठेवतो.

उत्तर 'ब'. माझ्या उत्तरसूचीत मात्र 'क' छापलंय. चौदा आणि पंधराच्या उत्तरांची अदलाबदल झाली. मुद्रितं तपासणाऱ्या बाईंनी लाल खूण केली होती, पण ते पान कुणाच्या तरी जेवणाच्या डब्याखाली राहिलं आणि मी तसाच छापला गेलो. झालं. वाईट वाटलं का म्हणाल, तर नाही. कागदाला काय वाटायचं?

मला विकत घेतलं ते रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धुणाऱ्या एका बाईने. भावाच्या घरी राहायची. भावाची मुलगी तिला आत्या म्हणायची, म्हणून मीही आत्याच म्हणतो. दहा वर्षं तिने नळ्या धुतल्या होत्या. आता तिला त्याच नळ्यांतलं रक्त तपासायचं होतं, आणि त्या अभ्यासक्रमाची प्रवेशपरीक्षा तिशीच्या आतच देता येते. तिला एकोणतिसावं सरत आलं होतं. "एकदाच संधी आहे बघ," भाऊ म्हणाला होता, "नंतर दार बंद."

आत्याने प्रयोगशाळेतल्या रिकाम्या पाकिटाचं मला कव्हर घातलं. रोज सकाळी ओट्यावर दूध तापत ठेवून ती मला उघडायची. "हा माझा मास्तर," असं वहिनीला सांगायची. माझं कौतुक झालं ते एवढंच.

चौदावा प्रश्न तिने पहिल्यांदा सोडवला तेव्हा बोट ठेवून मोठ्याने बोलली, "क खरा आहे, शाळेत शिकलेय. पण त्याने काय सिद्ध झालं? दिवे विझवले आणि उशीरही गेला, म्हणजे कारण दिवेच." तिने ठळक 'ब' लिहिला. मग शेवटचं पान पाहिलं. "अगं बाई," म्हणाली आणि खोडून 'क' लिहिला.

महिन्याने तिने सगळी उत्तरं पुसून संच पुन्हा सोडवला. पुन्हा 'ब'. पुन्हा शेवटचं पान, पुन्हा खोडरबर. "माझीच बुद्धी तोकडी," ती म्हणाली. "छापलेलं कुठे चुकतंय?"

तिसऱ्यांदा ती 'ब'पाशी थांबली नाही. थेट 'क' लिहिला आणि शेवटच्या पानाशी जुळवून पाहिल्यावर हसली. मित्रांनो, त्या दिवशी तिने एक धडा पाठ केला, की जे शाळेत खरं म्हणून शिकवलं ते निवडावं, बाकी डोकं चालवू नये. तो धडा मी शिकवला. मास्तर होतो ना मी!

परीक्षेत बळकटीचे पाच प्रश्न होते. चारांत तिने तोच धडा गिरवला. तीन गुण कमी पडले. निकाल भावाने वाचला. आत्या "बरं" म्हणाली आणि तव्यावरची पोळी उलटली. मी फडताळात गेलो, जुन्या रद्दीच्या खाली. तिथे सात वर्षं गेली. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. झुरळांनी कव्हर खाल्लं.

मग भाचीने मला बाहेर काढलं. ती सोळा वर्षांची झाली होती, आणि वाद घालते म्हणून घरात तिला सगळे वकीलबाई म्हणत. तिलाही अशीच परीक्षा द्यायची होती. तिने चौदाव्या प्रश्नाला 'ब' लिहिला, शेवटचं पान पाहिलं आणि ओरडली, "हॅ! हे चुकलंय!"

"मोठी आली शहाणी," वहिनी म्हणाली.

पण वकीलबाई हटली नाही. तिने पंधरावा प्रश्न सोडवला. त्याचंही उत्तर सूचीच्या उलट आलं. मग तिने चौदाव्याचं पान खिडकीशी तिरकं धरलं. 'क'च्या खाली कागदात खोल गेलेला 'ब' दिसत होता. पेन्सिल पुसली जाते, दाब पुसला जात नाही.

आत्या कामावरून येऊन पाय धूत होती.

"आत्या, तू आधी ब लिहिलेलास ना? ब बरोबर आहे गं. पुस्तकच चुकलंय."

आत्याने ओले हात पदराला पुसले, मला घेतलं आणि उभ्यानेच वाचलं. मला वाटलं, आता फाडेल. फाडावंच, असंही वाटलं.

"हो का," ती म्हणाली. मग म्हणाली, "म्हणजे मला येत होतं."

"येत होतं, आत्या."

"दूध बघ, उतू जाईल."

भाची आत पळाली. आत्याने पेन्सिल उचलली आणि जुन्या खाचेतून 'ब' पुन्हा गिरवला. शेवटच्या पानावर दोन्ही उत्तरं दुरुस्त केली. पहिल्या पानावर लिहिलं, 'पटलं नाही तर विचारायचं.' सोमवारी ती नेहमीसारखी नळ्या धुवायला गेली.

मित्रांनो, आम्हाला कव्हर घाला, पानं दुमडू नका, हे तर तुम्हाला सगळीच पुस्तकं सांगतात. मी एवढंच मागतो, की आपलं उत्तर खोडण्याआधी एकदा कुणाला तरी दाखवा. आत्याच्या घरात तेव्हा दाखवायला माणसं होती. तिने मला विचारलं, आणि मला तोंड नव्हतं.