भुजंगरावांची शिट्टी

“असं न्हाई, पंच. अंगठे वर ठिवा, बोटं खालून. भाकर धरल्यासारखं काहून धरून राह्यले?”

सांडू पैलवान खाटेवर दोन उशांना टेकून बसला होता आणि भुजंगरावांच्या हातातलं व्हिडिओ गेमचं काळं रिमोट सरळ करून देत होता. समोर टीव्हीवर जुन्या काळच्या रोममधला भलामोठा गोल आखाडा दिसत होता. भोवती दगडी पायऱ्या, पायऱ्यांवर मुंगी शिरायला जागा नाही एवढी माणसं, आणि मधोमध वाळूत भुजंगरावांचा गडी उघडाबंब उभा. एका हातात तलवार, दुसऱ्यात ढाल. भुजंगराव त्रेसष्ट वर्षांचे, बदनापूरच्या सरकारी फार्मवर नोकरी करून रिटायर झालेले. हे खेळ पोरासोरांचे, एवढं त्यांना कळत होतं. पण सांडूने काही म्हटलं आणि भुजंगरावांनी नाही म्हटलं, असं गेल्या अठरा वर्षांत झालं नव्हतं.

दर रविवारी सकाळच्या पॅसेंजरने ते जालन्याला उतरायचे, मस्तगडला सांडूच्या घरी यायचे, सहा केळी त्याच्या बायकोच्या, कडूबाईच्या हातात द्यायचे आणि खाटेशेजारच्या स्टुलावर बसायचे. सांडूचं कमरेखालचं शरीर अठरा वर्षांपूर्वी गेलं होतं. हात मात्र अजून पैलवानाचे होते. त्याची मुलगी इंद्रायणी गल्लीच्या तोंडाशी सीडीच्या दुकानात कामाला होती. मालकाने गेमची नवी मशीन घेतली तेव्हा जुनी तिने बापासाठी मागून आणली. दुपारी तीनला लोडशेडिंग व्हायचं. तोवर सांडूचा मुक्काम रोमला.

“चला, लढा आता,” सांडू म्हणाला.

भुजंगराव लढले. बटणं उमगत नव्हती, पण कुस्तीतली नजर कुठे जाते? समोरचा गडी झेपावला, तसा त्यांनी आपला बाजूला घेतला आणि सांडूने दाखवलेलं बटण दाबलं. गडी धाडकन उताणा पडला. दोन्ही खांदे वाळूला टेकले.

भुजंगरावांनी रिमोट खाटेवर ठेवलं आणि धोतराला हात पुसले.

वीस वर्षं जत्रांमधून पंचगिरी केलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? पाठ लागली, कुस्ती संपली. पण टीव्हीवरचा गडी उठला आणि गप उभ्या राहिलेल्या भुजंगरावांच्या माणसाच्या पोटात त्याने तलवार खुपसली. पायऱ्यांवरची माणसं बेभान होऊन ओरडली.

सांडू पोट धरून हसला. “अवो पंच, हितं पाठ लागून भागत न्हाई. ही पब्लिक ऐकली का? ते म्हणतील तव्हा कुस्ती संपती.”

चहा घेऊन आलेली कडूबाईसुद्धा नवऱ्याचं हसणं बघून हसली आणि परत चुलीकडे गेली. भुजंगरावांना हसू आलं नाही. त्यांनी कप न पिताच खाली ठेवला.

अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. टेंभुर्णीकडच्या एका जत्रेत शेवटची, मानाची कुस्ती होती. सांडू आणि भिवा. चांदीचं कडं लागलेलं, लोक दुपारपासून उन्हात तापत बसलेले. पंच भुजंगराव. शिट्टी तोंडात धरून, गाल मातीला टेकवून पाठ लागते का ते बघायचं, ही त्यांची तऱ्हा. त्यांच्यासारखी नजर चार तालुक्यांत नाही, असा लौकिक होता. जेमतेम दोन मिनिटं झाली असतील, भिवाने सांडूला उचलून आपटला. सांडूचे दोन्ही खांदे मातीला लागले. वीतभर अंतरावरून भुजंगरावांनी ते स्वच्छ बघितलं. पण हलगी टिपेला गेली होती, लोक उभे राहिले होते. न्हाई लागली, न्हाई लागली, चालू द्या, असा एकच गिल्ला झाला. एवढ्या लवकर संपलेली कुस्ती कुणालाच नको होती. आणि खोटं कशाला बोला, भुजंगरावांनाही नको होती. शिट्टी तोंडातच राहिली. सांडूने टाचा रोवून पाठ उचलली, भिवाने सगळं वजन टाकून त्याला कमरेतून पिळला, आणि हलगीच्या वर ऐकू येईल असं काहीतरी मोडलं.

पुढची कथा लोकांनीच रचली. सांडू मोडला, पण त्याने पाठ लागू दिली नाही. तालमीने त्याचा फोटो मढवून दिला, त्याखाली रंगवून घेतलं, ‘पाठ न लागलेला पैलवान’. तो खाटेच्या वर टांगलेला होता. कडूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दाखवायची. चार घरची धुणीभांडी करून ती मान ताठ ठेवून घरी यायची ती त्या फोटोच्या जिवावर. आपण खरं बोललो तर हा फोटो खाली येईल, म्हणून आपण गप्प आहोत, अशी भुजंगराव मनाची समजूत घालायचे. ती निम्मी खरी होती. निम्मी निव्वळ भीती होती, आणि ती भीतीच दर रविवारी केळी घेऊन यायची.

आज मात्र त्यांना राहवेना. रोमच्या लोकांचा तो ओरडा त्यांच्या ओळखीचा होता.

“सांडू,” ते म्हणाले, “तुझी पाठ लागल्ती.”

सांडूने रिमोट हातात घेऊन नवा डाव लावला होता. त्याचा गडी ढाल सावरत वाळूत फिरत होता.

“दोन्ही खांदे. मी बघितल्तं. लोकायला भेलो म्हणून शिट्टी वाजवली न्हाई.” भुजंगराव थांबले. “तेवढंच न्हाई. मलाबी बघायचं व्हतं, पुढं काय व्हतंय ते.”

सांडूची बोटं चालूच होती. तो बोलला तेही टीव्हीकडे बघतच.

“पाठ माझी व्हती, पंच. लागली ते मला कळलं नसंल का?”

भुजंगरावांनी मान वर करून त्याच्याकडे बघितलं.

“माती गार लागली पाठीला. म्हणलं, संपलं. आता वाजंल शिट्टी. न्हाई वाजली. मला वाटलं, पंचानं आपल्याला संभाळून घेतलं, आता दाखवून देऊ. म्हणून तर जोर लावला.” त्याचा आवाज चढला नाही. “कोणाला बोललो न्हाई कधी. पण मनातून तुमचे उपकार मानून राह्यलो, इतकी वर्षं. अन् तुम्ही म्हणता, बघायचं व्हतं.”

टीव्हीवर त्याच्या गड्याने समोरच्याला लोळवलं. पडलेला कसाबसा गुडघ्यावर आला आणि त्याने जीवदानासाठी एक बोट वर केलं. पब्लिक खवळून उठली. एक बटण दाबलं की मारायचा, दुसरं दाबलं की सोडायचा. सोडला तर पॉइंट कमी मिळतात. सांडू दरवेळी सोडायचा आणि इंद्रायणी त्याला दरवेळी त्यावरून चिडवायची. आज त्याचा अंगठा दोन बटणांच्या मध्ये नुसता अधांतरी राहिला.

“शिट्टी वाजली असती तर हरलो असतो,” तो म्हणाला. “हरलो असतो तर चालत घरी आलो असतो, पंच.”

तेवढ्यात लाइट गेली. टीव्ही काळा पडला, लोकांचा आवाज अर्ध्यात तुटला, वरचा पंखा हळूहळू थांबला. तीन वाजले होते. गल्लीत कुणीतरी लाइटवाल्यांना शिवी घातली.

भुजंगरावांनी मागे बघितलं तर कडूबाई कप न्यायला म्हणून दारात उभी होती. किती वेळ उभी होती, हे विचारायची गरज नव्हती. ती सरळ आत आली, खाटेच्या कडेला पाय देऊन वर चढली आणि तिने फोटो खिळ्यावरून काढला. भुजंगरावांनी अठरा वर्षं ज्याची धास्ती घेतली, ते आता डोळ्यांदेखत होणार होतं.

कडूबाईने पदराने काच पुसली. कोपरे पुसले, खालची अक्षरं पुसली. मग फोटो पुन्हा त्याच खिळ्याला लावला आणि वाकडा तर नाही ना, ते खाली उतरून बघितलं.

“मामा,” ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली, “एवढे दिवस वाजवली न्हाई ना, आता बाहेर कुठं वाजवू नका. पोरीला पाहुणे बघायला येऊन राह्यले. मला त्यायला हे दाखवायचंय.”

भुजंगरावांनी मान हलवली. मनावरचा धोंडा उतरवायला म्हणून बोलले होते, तो तिने उचलून पुन्हा त्यांच्याच डोक्यावर ठेवला. आणि त्यांना तक्रार करायला तोंड नव्हतं.

उंबऱ्यात चपला घालायला त्यांनी जरा जास्तच वेळ लावला. रविवारी या, असं सांडू दरवेळी म्हणायचा. आज तो काही बोलला नाही. भुजंगरावांनी वळून बघितलं. काळ्या टीव्हीकडे बघत सांडू तसाच बसला होता, आणि त्याचा अंगठा अजून त्या दोन बटणांच्या मध्येच होता.